पडद्याचे माप : लॅपटॉप आणि स्वतंत्र मॉनिटर

लॅपटॉप विकत घेण्यास आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार जे प्रश्न विचारतो, त्यांत पडद्याच्या मापाचा प्रश्न बहुधा पहिला असतो. १४ इंची हवा की १५.६ इंची, असे तो विचारतो आणि दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी उघडून ठेवतो. मोठा पडदा डोळ्यांत भरतो; किमतीतील फरकही पुष्कळदा फारसा नसतो. ज्याचे काम दिवसाचे सात-आठ तास संगणकावर चालते, संध्याकाळी ज्याची मान आखडते आणि डोळे चुरचुरतात, त्याला मोठा पडदा हाच उपाय वाटल्यास नवल नाही. २०२० सालच्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा कचेरीतील टेबलावर चालणारे काम असंख्य लोकांना घरी आणावे लागले. जेवणाच्या टेबलावर, पलंगावर किंवा सतरंजीवर बसून लॅपटॉप वापरण्याचा प्रघात त्या वेळी पडला आणि अनेक घरांत तो आजही चालू आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. तो प्रकृतीचा आणि पैशाचाही झाला आहे.

मोठा पडदा घेतल्याने मान आणि डोळे यांचा त्रास खरोखर कमी होतो काय, आणि होत नसल्यास तोच पैसा स्वतंत्र मॉनिटरवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल काय, हे ठरविण्यास फार मोठ्या शास्त्राची आवश्यकता नाही. शाळेतील भूमिती, एक मोजपट्टी आणि डोळ्याच्या रचनेविषयीची थोडी माहिती एवढ्यावर हे काम भागते.

इंच कशाचे?

पडद्याचे जे माप जाहिरातीत दिलेले असते ते त्याच्या लांबीचे नव्हे आणि उंचीचेही नव्हे. ते त्याच्या कर्णाचे असते. ही पद्धत दूरचित्रवाणीच्या आरंभकाळातून आलेली आहे. त्या काळी चित्रनलिकेचे तोंड वाटोळे असे, आणि वाटोळ्या वस्तूचे माप तिच्या व्यासाने सांगणे स्वाभाविकच होते. पुढे पडदे आयताकृती झाले आणि व्यासाची जागा कर्णाने घेतली. आयताच्या बाबतीत मात्र कर्ण हे फसवे माप आहे, कारण एकाच कर्णाचे अनेक आयत काढता येतात आणि त्यांची क्षेत्रफळे निरनिराळी असतात. १४ इंच कर्णाच्या पडद्याची लांबी व उंची यांचे प्रमाण ४:३ असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६०७ चौरस सेंटिमीटर भरते. हेच प्रमाण १६:१० असेल तर ५६८ आणि १६:९ असेल तर अवघे ५४०. पडदा जितका लांबट तितके त्याच कर्णात क्षेत्र कमी. आज बाजारात १६:९ व १६:१० हे दोन्ही आकार मिळतात आणि दुकानातील पाटीवर दोहोंचे माप ‘१४ इंच’ असेच लिहिलेले असते.

कर्णाऐवजी लांबी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजली म्हणजे गोष्टी पुष्कळच स्पष्ट होतात. १६:९ प्रमाणाचा १४ इंची पडदा सुमारे ३१ सेंमी लांब व १७.४ सेंमी उंच असतो. १५.६ इंची पडदा ३४.५ सेंमी लांब व १९.४ सेंमी उंच भरतो. ज्याला बाजारात २४ इंची म्हणतात तो मॉनिटर पुष्कळदा २३.८ इंची असतो. त्याची लांबी ५२.७ सेंमी आणि उंची २९.६ सेंमी असते. आता कचेरीत सर्वत्र वापरला जाणारा ए-४ आकाराचा कागद घ्यावा. तो २१ सेंमी रुंद व २९.७ सेंमी उंच असतो. म्हणजे २४ इंची मॉनिटरची उंची या कागदाच्या उंचीएवढीच आहे, आणि मूळ आकारातील दोन कागद त्यावर शेजारी शेजारी मांडले तरी बाजूस दहा सेंटिमीटर जागा उरते. १४ इंची पडद्यावर त्याच कागदाचा वरचा ५८ टक्के भाग मावतो, १५.६ इंची पडद्यावर ६५ टक्के. पडद्याच्या कडांना असणाऱ्या पट्ट्या वजा केल्या तर हे आकडे सर्वांच्याच बाबतीत आणखी खाली येतात. भाषांतर करणारा मूळ मजकूर आणि आपला मजकूर एकाच वेळी समोर ठेवू इच्छितो. हिशेब तपासणारा खातेवही आणि पावत्या ताडून पाहतो. अशा मनुष्याला १४ वरून १५.६ इंचांवर जाऊन मिळतो तो कागदाचा फक्त सात टक्के अधिक भाग.

लॅपटॉपचे पडदे याच मापांचे का असतात, हा प्रश्न मनोरंजक आहे. त्याचे उत्तर डोळ्यांत नसून हाताच्या पंजांत आहे. कीबोर्डवरील दोन लगतच्या कळांच्या मध्यांतील अंतर बहुतेक सर्वत्र सुमारे १९ मिलिमीटर असते. याहून फार कमी केल्यास प्रौढ माणसाची बोटे एकमेकांत अडखळतात. एका ओळीत पंधरा कळांची जागा धरली तर कीबोर्डची रुंदी २८.५ सेंमी होते. पडदा मिटून कीबोर्डवर बसवावयाचा असल्यामुळे त्याची लांबीही जवळपास तेवढीच ठेवणे सोयीचे ठरते, आणि १३ ते १४ इंची पडद्यांची लांबी २९ ते ३१ सेंमी असते! १५.६ इंची यंत्रात कडेला जागा उरते म्हणून पुष्कळ कारखानदार तेथे अंकांच्या कळांचा वेगळा गट बसवितात. आकडेमोड करणाऱ्यास तो उपयोगी पडतो. परंतु त्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात, आणि त्यांच्यासमोर नीट बसलेल्या माणसाच्या दृष्टीने पडद्याचा मध्य तीन-चार सेंटिमीटर उजवीकडे जातो. दिवसभर थोडेसे वळून बसण्याची सवय लागते ती अशी.

हा पेच जुना आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न-१ नावाचा उचलून नेण्याजोगा संगणक निघाला. त्याचे वजन सुमारे ११ किलोग्रॅम आणि पडदा अवघा ५ इंचांचा होता. त्यावर एका ओळीत ५२ अक्षरे आणि एकूण २४ ओळी दिसत. एवढ्याशा पडद्यावर दीर्घकाळ काम होणार नाही हे उघड होते, म्हणून बाहेरचा मॉनिटर जोडण्याची सोय त्या यंत्रात ठेवलेली होती. बिजागरीने मिटणारा ग्रिड कंपास हा संगणक १९८२ साली आला आणि आजच्या लॅपटॉपची आकृती तेथून रूढ झाली. नेण्याचे यंत्र वेगळे आणि बसून काम करण्याचा पडदा वेगळा, ही कल्पना नवी नाही असा याचा अर्थ.

डोळ्यास दिसणारे माप

एखादे अक्षर किती मोठे आहे यापेक्षा ते डोळ्याशी किती मोठा कोन करते याला महत्त्व असते. हातात धरलेला रुपया दूरच्या चंद्राला झाकू शकतो, तो याच कारणाने. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली दृष्टी तपासण्याचा जो तक्ता तयार केला, त्यातील अक्षरांची योजना याच मापावर आधारलेली आहे. निरोगी दृष्टी ज्या ओळीवर ठरते त्या ओळीतील अक्षर सहा मीटर अंतरावरून ५ कलांचा कोन करते आणि त्याच्या रेषा एकेका कलेच्या असतात. एवढे बारीक अक्षर ओळखता येते, पण ते वाचत बसता येत नाही. सुखाने वाचण्यासाठी अक्षराची उंची २० ते २२ कला असावी आणि १६ कलांच्या खाली जाऊ नये, असे पडद्यांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत सांगितले आहे. लॅपटॉप साधारणतः ५० सेंमी अंतरावर असतो. तेथे २० कला म्हणजे २.९ मिलिमीटर. मॉनिटर हाताच्या अंतरावर, म्हणजे ७० सेंमीवर ठेवला तर तेच अक्षर ४.१ मिलिमीटरचे हवे.

येथे एका गैरसमजाचे निरसन होते. २४ इंची मॉनिटर १४ इंची पडद्यापेक्षा १.७ पट लांब असतो. परंतु तो दूर ठेवावयाचा असल्यामुळे डोळ्याच्या हिशेबाने त्याची लांबी सुमारे १.२ पटच वाढते. मग लाभ कोणता? उरलेला लाभ अंतराच्या रूपाने मिळतो. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी यासाठी डोळ्यातील भिंगाभोवतीच्या स्नायूला आकुंचन पावावे लागते आणि दोन्ही डोळे आत वळवावे लागतात. ५० सेंमीसाठी या श्रमाचे माप २ डायॉप्टर, ७० सेंमीसाठी सुमारे १.४ डायॉप्टर. फरक लहान दिसतो, परंतु तो सात-आठ तास चालू असतो.

चाळिशी लागलेल्या माणसासाठी या अंतराचा विचार वेगळा करावा लागतो. वयोमानाने नेत्रभिंगाची लवचीकता कमी होते. वाचण्यासाठी मग जो चष्मा दिला जातो तो बहुधा पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे सुमारे ४० सेंमीसाठी असतो. या चष्म्यातून ७० सेंमीवरचा मॉनिटर पुसट दिसतो. वापरणारा नकळत पुढे झुकतो आणि मोठ्या पडद्यासाठी मोजलेले पैसे व्यर्थ जातात. दुहेरी भिंगांचा चष्मा असेल तर प्रकार आणखी वाईट होतो. जवळचे भिंग चष्म्याच्या खालच्या भागात असते. उंच ठेवलेला पडदा त्यातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून डोके मागे टाकावे लागते, आणि पुढे वाकण्याचा त्रास जाऊन मागे वाकण्याचा सुरू होतो. अशा माणसाने मॉनिटर बराच खाली ठेवावा, अथवा पडद्याचे अंतर मोजपट्टीने मोजून तो आकडा नेत्रतज्ज्ञास सांगावा आणि त्या अंतरापुरता वेगळा चष्मा करून घ्यावा. मॉनिटरवर हजारो रुपये खर्च करणारे लोक हे अंतर मोजण्याचे विसरतात.

आता बिंदूंचा विचार. पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. ‘फुल एचडी’ पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल असतात, मग तो पडदा १४ इंची असो की २७ इंची. साहजिकच मोठ्या पडद्यावर प्रत्येक बिंदू मोठा होतो : १४ इंचीवर ०.१६ मिमी, २४ इंचीवर ०.२७ मिमी आणि २७ इंचीवर ०.३१ मिमी. डोळ्याला ७० सेंमीवरून एका कलेने दिसणारी लांबी ०.२० मिमी असते. म्हणून २७ इंची फुल एचडी मॉनिटरवर अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. तीच लांबी-रुंदी २५६० व १४४० पिक्सेलांत विभागलेली असली तर बिंदू ०.२३ मिमीचा होऊन हा दोष बहुतांशी नाहीसा होतो. देवनागरी वाचणाऱ्यांनी या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे. घ आणि ध, भ आणि म यांतील भेद शिरोरेषेतील एका लहानशा खंडावर किंवा गाठीवर अवलंबून असतो. शिवाय वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि ‘द्ध’ किंवा ‘ट्ट’ यांसारखी दाटीची जोडाक्षरे. ज्या मापात रोमन लिपी निभावून जाते त्या मापात ‘रु’ आणि ‘रू’ एकसारखे दिसू लागतात. मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्याने २७ इंची फुल एचडी मॉनिटर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

याच बिंदूंमुळे लहान पडद्याची दुसरी एक मर्यादा उघडकीस येते. १४ इंची फुल एचडी पडद्यावर मूळ मापातील अक्षरे फारच बारीक दिसतात, म्हणून संगणकाच्या सेटिंगमध्ये ती १५० टक्के केली जातात. अक्षरे वाचनीय होतात खरी, पण कामाची जागा १२८० × ७२० बिंदूंच्या पडद्याएवढीच उरते. २४ इंची मॉनिटरवर मूळ मापच पुरेसे होत असल्यास तेथे पूर्ण १९२० × १०८० जागा मिळते, म्हणजे सव्वादोन पट. दोन्ही पडद्यांवर ‘फुल एचडी’ हीच अक्षरे छापलेली असतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बिजागरीची अडचण

येथपर्यंत डोळ्याचा विचार झाला. मानेचा विचार करताना पडद्याचे माप जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि त्याच्या उंचीकडे वळावे लागते.

मध्यम बांध्याचा मनुष्य नेहमीच्या खुर्चीवर ताठ बसला असता त्याचे डोळे टेबलाच्या पृष्ठभागापासून ४० ते ४५ सेंमी उंचीवर असतात. टेबलावर उघडलेल्या १४ इंची लॅपटॉपच्या पडद्याचा मध्य टेबलापासून दहा-बारा सेंमीवर असतो, म्हणजे डोळ्यांच्या सुमारे ३० सेंमी खाली. अंतर ५५ सेंमी धरल्यास नजर क्षितिजसमांतर रेषेच्या सुमारे २८ अंश खाली वळवावी लागते. डोळे सुखाने १५ ते २० अंश खाली वळतात; उरलेले वळण मान पुरे करते, आणि थकवा येऊ लागला की मानेबरोबर पाठही. आता १४ ऐवजी १५.६ इंची यंत्र घेतले तर पडद्याचा मध्य किती वर जाईल? दोन्ही पडद्यांच्या उंचीतील फरकाच्या निम्मा, म्हणजे १ सेंटिमीटर. मोठा लॅपटॉप घेऊन मानेला मिळणारा दिलासा एवढाच!

मानेवर पडणारा भार तरफेच्या नियमाने समजतो. डोक्याचे वजन सुमारे ५ किलोग्रॅम असते. मान सरळ असताना हे वजन मणक्यांवर तोललेले राहते. मानेच्या तळापासून डोक्याचा गुरुत्वमध्य २० सेंमी उंच आहे असे धरल्यास, मान १५ अंश वाकली असता तो सुमारे ५ सेंमी पुढे येतो आणि ३० अंश वाकली असता १० सेंमी. टेकूपासूनचे अंतर दुप्पट झाले म्हणजे मानेमागच्या स्नायूंना लावावे लागणारे बलही दुप्पट होते. भरलेली कळशी कमरेशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक आहे तोच हा. हे स्नायू तासन् तास आखडलेल्या स्थितीत राहिले तर त्यांतील रक्तपुरवठा मंदावतो आणि संध्याकाळचा तो परिचित ठणका सुरू होतो.

लॅपटॉप उचलून पुस्तकांच्या चळतीवर ठेवला तर? पडदा योग्य उंचीवर येतो, पण कीबोर्डही त्याच्याबरोबर वर जातो. हात खांद्यांपासून उचलून धरावे लागतात, आणि मानेचे दुखणे खांद्यांवर जाते. हाताला टेबलाच्या उंचीवरचा कीबोर्ड हवा आणि डोळ्याला त्याच्या बराच वर असलेला पडदा हवा. बिजागरी या दोहोंना एकत्र बांधून ठेवते. लॅपटॉपचा हा दोष पडदा १३ इंची असो वा १७ इंची, सारखाच राहतो. तो घालविण्याचा मार्ग एकच : पडदा आणि कीबोर्ड यांची फारकत. पोथी वाचणारे लोक ती जमिनीवर न ठेवता दुमडत्या लाकडी आसनावर ठेवीत, आणि पेढीवरचे मुनीम गादीवर बसून उतरत्या मेजावर चोपड्या लिहीत. वाचावयाची वस्तू डोळ्याकडे उचलली पाहिजे हे त्यांना ठाऊक होते.

ही फारकत दोन प्रकारांनी साधते. पहिला प्रकार स्वतंत्र मॉनिटरचा. २४ इंची मॉनिटर आपल्या पायावर उभा केला असता त्याचा मध्य टेबलापासून २७-२८ सेंमीवर येतो आणि ६५ ते ७० सेंमी अंतरावरून नजर १२-१३ अंशच खाली जाते. दुसरा प्रकार त्याहून पुष्कळ स्वस्त आहे. लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड पुस्तकांवर चढवावा आणि एक साधा वेगळा कीबोर्ड व माउस टेबलावर ठेवून काम करावे. मानेपुरता विचार केला तर दोन्ही उपाय जवळपास सारखेच गुणकारी आहेत. मॉनिटरचे श्रेष्ठत्व आहे ते कागदाच्या आकाराच्या कामात आणि अंतरात.

पडदा उंच चढविण्यालाही मर्यादा असते. १९९३ साली जपानी नेत्रतज्ज्ञांनी कचेरीत काम करणाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. विश्रांतीच्या वेळी ती मिनिटाला सरासरी २२ वेळा होत होती, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्याकडे पाहताना अवघी ७ वेळा. पुस्तक वाचताना नजर खाली असते व पापण्या अर्धवट मिटलेल्या असतात. समोरच्या पडद्याकडे पाहताना त्या रुंद उघडतात. डोळ्याचा अधिक भाग हवेला उघडा पडतो, अश्रूंचा पातळ थर लवकर सुकतो आणि डोळे चुरचुरू लागतात. डोक्यावर पंखा फिरत असेल किंवा वातानुकूलित यंत्राचा झोत तोंडावर येत असेल तर अधिकच. म्हणून मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली असावी. तिच्या वर कधीही नसावी. खाली असलेला लॅपटॉप डोळ्यांच्या ओलाव्यास अनुकूल व मानेस प्रतिकूल, आणि फार वर चढविलेला मॉनिटर याच्या नेमका उलट, अशी ही ओढाताण आहे.

जागा, वीज आणि प्रवास

ज्याच्या कामाची जागा ठरलेली आहे त्याने लहान लॅपटॉप आणि मोठा मॉनिटर घ्यावा, असे वरील विवेचनावरून दिसून येईल. १३ ते १४ इंची यंत्राचे वजन बहुधा दीड किलोग्रॅमच्या आत असते आणि ते आगगाडीत मांडीवर सहज उघडते. साध्या २४ इंची मॉनिटरची किंमत मध्यम प्रतीच्या लॅपटॉपच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी पडते, आणि लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर चालू राहतो. वीज २० वॅटच्या आसपास लागते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या छताच्या पंख्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तथापि मॉनिटरला स्वतःची बॅटरी नसते. ज्या गावांत वीज वारंवार जाते तेथे तो इन्व्हर्टरवर नसल्यास क्षणात काळा पडतो. काम मात्र नष्ट होत नाही. ते लॅपटॉपच्या पडद्यावर येते, कारण लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालूच असतो.

जागा ठरलेली नसेल तर निर्णय फिरतो. वसतिगृहातील विद्यार्थी, गावोगाव फिरणारा तपासनीस, एका खोलीच्या घरात ज्याचे टेबल संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला लागते असा कारकून, यांच्यापैकी कोणाच्याही घरी ५३ सेंमी लांबीची वस्तू कायम उभी राहू शकत नाही. रोज काढून ठेवावा लागणारा मॉनिटर आठ दिवसांत कपाटावर जातो. अशा माणसासाठी १५ किंवा १६ इंची लॅपटॉप, दुमडणारा स्टँड आणि वेगळा कीबोर्ड हाच खरा मार्ग होय. येथे मोठ्या पडद्याचे दोन सेंटिमीटरही मोलाचे ठरतात, कारण स्टँडवर चढविलेला पडदा डोळ्यापासून दूर जातो आणि अक्षरे मोठी करण्यास जागा लागते. जमिनीवर बसून काम करणाऱ्यालाही हेच लागू पडते. चौरंगावर लॅपटॉप ठेवला तर कीबोर्ड मांडीवरील पाटावर असावा.

मॉनिटर जोडताना होणाऱ्या घोटाळ्यांपैकी एकाचा उल्लेख पुरे. यूएसबी-सी हे लंबगोल तोंड सर्वत्र सारखे दिसते, परंतु प्रत्येक तोंडातून चित्र बाहेर पडतेच असे नाही. काही तोंडे केवळ बॅटरी भरण्यासाठी किंवा फायली नेण्यासाठी असतात. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात याची नोंद असते व ती मॉनिटर विकत घेण्यापूर्वी वाचावी. एचडीएमआय तोंड असलेल्या जुन्या यंत्रांवर ‘फोर-के’ मॉनिटर जोडल्यास पुष्कळदा सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रेच मिळतात आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. दोष मॉनिटरचा समजून तो परत करणारे लोक असतात. मॉनिटर आणि लॅपटॉप हे दोन्ही पडदे चालू ठेवावयाचे असल्यास ज्यावर अधिक काळ काम होते तो नाकासमोर असावा आणि दुसरा बाजूस. दोहोंच्या सांध्यासमोर बसू नये. खिडकी पाठीमागे असल्यास पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते आणि समोर असल्यास डोळे दिपतात. ती बाजूस असेल अशी टेबलाची मांडणी करावी.

खरेदीपूर्वी घरच्या घरी एक चाचणी कोणासही घेता येईल. एखाद्या परिचिताकडून वेगळा कीबोर्ड व माउस मागून आणावा, आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली येईपर्यंत लॅपटॉप पुस्तकांवर चढवावा. आठवडाभर याच पद्धतीने काम करावे आणि मान दुखू लागण्याची वेळ रोज वहीत टिपावी. ती वेळ लांबली किंवा दुखणे थांबलेच, तर त्रास उंचीचा होता. मोठ्या पडद्याची गरज नव्हती. मान अजून पुढे जात असेल तर अक्षरे बारीक आहेत किंवा चष्मा त्या अंतराचा नाही; अक्षरे १२५ अथवा १५० टक्के करून पाहावे आणि डोळे तपासून घ्यावे. अक्षरे मोठी केल्यावर मजकूर पडद्याबाहेर जाऊन तो सतत वरखाली सरकवावा लागत असेल, तर मात्र जागा खरोखर कमी पडते आहे आणि मॉनिटर घेण्यास हरकत नाही. त्याआधी जुन्या वर्तमानपत्रातून ५३ सेंमी लांब व ३० सेंमी उंच असा तुकडा कापून तो टेबलामागच्या भिंतीवर, तळची कड टेबलापासून १३ सेंमीवर येईल असा चिकटवावा आणि खुर्चीवर बसून डोळ्यापासून त्याचे अंतर मोजावे. ते ६० सेंमीहून कमी भरले, तर त्या टेबलाची खोली २४ इंची मॉनिटरला पुरणारी नाही. मॉनिटरचा पाय मागे काही जागा खातोच, हेही त्यात धरावे.